पुडीतलं झाड

रेहानने पूड पेरली.
पिझ्झ्यासोबत आलेल्या बोटभर पुडीतली,
रंगाच्या रिकाम्या डब्यात, हारीने,
आणि डब्यावर खडूने लिहिलं:
ओरेगॅनो. हात लावू नये.
अकरा दिवस वाकून बघत राहिला.

मी शेजारच्या क्वार्टरातला, मालगाडीचा गार्ड.
आता कागदावर ट्रेन मॅनेजर,
शिट्टी तीच, झेंडा तोच.
मला सांगवेना त्याला
की वाळवून चुरलेलं पुन्हा उगवत नसतं.

म्हणून नाशिकहून आणल्या चार काड्या,
ओल्या रुमालात, जेवणाच्या डब्याशेजारी.
मनमाडला लूपमध्ये तीन तास उभे राहिलो
तेवढ्यात दोनदा उघडून पाहिल्या.
पाण्याच्या पेल्यात बाराव्या दिवशी
पांढरी मुळं, मांजराच्या मिशीएवढी.

पहिलं रोप मायेने मेलं.
मी खंडव्याला रेस्टवर, आणि इकडे पोरगा
सकाळ-संध्याकाळ तांब्या ओतत होता,
वर कूलरच्या गळतीखाली डबा सरकवून,
त्याला गार वाटावं म्हणून.
आलो तर देठ काळे, लिबलिबीत,
मातीला डबक्याचा वास.
रेहान दोन दिवस माझ्याशी बोलला नाही,
जणू मीच बुडवलं.

उरलेल्या काडीला
तापीची वाळू निम्मी,
डब्याच्या बुडाला खिळ्याने सात भोकं,
पूर्वेची भिंत,
नऊपर्यंतचं ऊन, मग कडुनिंबाची सावली.
भुसावळचा मे होता.
नळाखाली हात धरला तर पोळायचा,
दीपनगरची राख पानांवर बसायची,
ती आम्ही दाढीच्या ब्रशने झाडायचो.

"बोट घाल मातीत, दुसऱ्या पेरापर्यंत.
कोरडं लागलं तरच पाणी."
एवढं एकच शिकवलं त्याला.
त्याचं पेर लहान,
म्हणून माझ्या हिशोबापेक्षा
थोडं लवकर पाणी मिळत गेलं.
तगलं.

माझी ड्युटी सोसणारं हे पहिलंच झाड.
तुळस रुसली होती, मोगरा तर दोनदा गेला.
याला दोन दिवस विसरलं तरी चालतं,
चार दिवस नाही.

पावसाळ्यात वळचणीला घेतलं, खालची पानं कुजली,
तेवढी खुडून टाकली.
सिग्नल खात्यातले झांबरे थांबले एकदा,
"ओवा लावी राह्यले का भो?"
पान चोळलं, हुंगलं, पुन्हा हुंगलं.
"ओवाच आहे.
फक्त इंग्रजी शाळेत घातलेला."

डिसेंबरात, गल्लीत वांगी भाजायचा धूर असताना,
कळ्या धरायच्या आत कापलं.
दव उडाल्यावर, सकाळी,
पानांच्या जोडीच्या जरा वर,
एक हिस्सा घेतला, दोन ठेवले.
"इथून आता दोन फांद्या फुटतील."
"कापलं की दोन होतात?"
पगाराचं तसं होत नाही, असं म्हणणार होतो.
म्हटलं नाही.

जुड्या उलट्या टांगल्या स्वयंपाकघरात,
खिडकीपासून लांब.
सहाव्या दिवशी पान बोटात मोडलं,
बारीक आवाज करून.

आणि मग रेहानने दप्तरातून काढल्या
त्या जुन्या रिकाम्या पुड्या.
नऊ होत्या. सगळ्या जपलेल्या.
चमच्याने भरल्या, चिकटपट्टी लावली,
एक माझ्या पेटीत टाकली, न विचारता.

काल रात्री बोदवडच्या अलीकडे लाल मिळाला.
पुढे एकोणसाठ वाघिणी कोळसा,
मागे मी.
डबा उघडला: थंड भरीत, कळण्याची भाकरी.
टॉर्चच्या उजेडात पुडी धरली,
तर वर बॉलपेनने, ठळक:

पेरू नये.

मी भरितावर निम्मी भुरभुरली,
पट्टी परत नीट दाबली.
सिग्नल पिवळा झाला तेव्हा
झेंड्याच्या काठीला धरलेल्या बोटांना
अजून वास होता.